ऐकलंत तर पाऊस

आमची जमीन दोन ठिकाणी आहे. एक वाडी, घरामागे, नारळ-सुपारीची, आणि दुसरं खाडीच्या अंगाला भाताचं खाचर. वाडी विहिरीच्या पाण्यावर जगते आणि खाचर आभाळाच्या, तिथे पंप नाही पाट नाही, वरून आलं तर आलं. गेली काही वर्षं मी तोरातल्या, म्हंजे आम्हा यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या, एकाच परिच्छेदाशी झटतेय आणि तो मला जेवढा कळला तेवढा ह्या दोन जमिनींमुळेच कळला, म्हणून आधी त्यांचं सांगितलं.

लहानपणी वाडीला पाणी लावायचं काम आम्हा भावंडांकडे असायचं. पाटाने पाणी यायचं, एका माडाचं आळं भरलं की त्याचं तोंड पायाने माती ओढून बंद करायचं आणि पुढच्याचं पायानेच उघडायचं, हात लावायची गरजच नाही, टाचेने जरा ढकललं की पाणी वळतं. आता देवारीम, म्हंजे मराठी बायबलात ज्याला अनुवाद म्हणतात ते पुस्तक, त्याच्या अकराव्या अध्यायात मोशे, इस्राएल लोकांचा पुढारी, त्यांना सांगतो की तुम्ही जिथे चाललायत तो देश मिसरसारखा, म्हंजे इजिप्तसारखा, नाही, मिसरात तुम्ही बी पेरायचात आणि भाजीच्या मळ्याला देतात तसं पायाने पाणी द्यायचात, हा देश डोंगरदऱ्यांचा आहे, हा आभाळातून पडेल ते पाणी पितो. पायाने पाणी! जाणकार ह्या दोन शब्दांवर बरंच लिहितात, की रहाट पायाने फिरवायचे का अजून काही, मला मात्र ते वाचल्यावाचल्या आमची वाडी दिसली, चिखलाने भरलेली टाच दिसली.

म्हणजे मोशे म्हणतोय की इतकी वर्षं तुम्ही वाडीवर होतात, आता खाचरावर चाललायत. आणि हे सांगून झाल्याझाल्या, तेराव्या ओळीपासून, ती अट येते. माझ्या आज्ञा नीट ऐकाल, देवावर पुऱ्या मनाने प्रेम कराल, तर तुमच्या जमिनीला वेळच्या वेळी पाऊस देईन, आधीचा आणि शेवटचा, धान्य मिळेल, द्राक्षरस आणि तेल मिळेल, गुरांना गवत मिळेल, पोटभर खाल. आणि मन बहकलं, दुसऱ्या देवांच्या मागे लागलात, तर आभाळ बंद होईल, जमीन पीक देणार नाही आणि त्या चांगल्या देशातून तुम्ही लवकरच नाहीसे व्हाल. आधीच्या पावसाला हिब्रूत योरे म्हणतात, शेवटच्याला मल्कोश. आपल्याकडे मृगाचा आणि हस्ताचा म्हणतात तसंच, दोन्ही वेळेवर लागतात, एक चुकला तरी भात गेलं.

हा परिच्छेद आम्ही रोज म्हणतो. आम्ही म्हंजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आमच्यात सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, आणि त्या सात जोडप्यांची आम्ही लेकरं. धर्माची पुस्तकं समुद्रात गेली. पुढे किनाऱ्यावरच्या गावागावांत पांगलो, तेलाचे घाणे चालवले, शनवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले. प्रार्थना म्हणाल तर एकच ओळ उरली होती, शेमा इस्राएल, ऐक इस्राएला, आपला देव परमेश्वर, परमेश्वर एकच. मूल जन्मलं तरी तीच, लग्नात तीच आणि माणूस गेला तरी तीच. माझी आजी सिनेगॉगला, म्हंजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणायची आणि नातवंडांच्या कानात झोपताना ही ओळ सांगायची. पुढचं, म्हंजे पावसाची अट, तिला पाठ नव्हतं. बाबांना होतं.

आता हे सगळं मी का घेऊन बसले ते सांगते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या खालच्या अंगाला किनाऱ्यावर चढलं. बुधवार होता, दुपार होती. लॉकडाऊनमुळे आधीच सगळे घरात. आम्ही आतल्या खोलीत होतो आणि बाहेरचा आवाज ऐकत होतो, माड मुळासकट जातो तेव्हा जमीन हलते आणि सुपारी मधनंच मोडते तेव्हा काडकन आवाज येतो, थोड्या वेळाने तर कुठलं झाड गेलं ते न बघता सांगता यायला लागलं. संध्याकाळी बाबा वाडीत गेले आणि मोजत राहिले. एकोणीस माड आणि एकशेचाळीसच्या वर सुपाऱ्या, काही आजोबांनी लावलेल्या. घराची अर्धी कौलं गेली होती त्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

वीज यायला बरेच दिवस लागले. मोबाईलला रेंज आली तेव्हा मेसेजांचा ढीग पडला त्यात एका नातेवाइकांचा व्हॉइस मेसेज होता. लांबचे आहेत, परदेशात असतात, वाईट मनाचे नाहीत हे मी आजही म्हणेन. त्यांनी आधी चौकशी केली, पैसे पाठवू का विचारलं, आणि मग म्हणाले की भाऊ, रागावू नका पण देवारीम अकरा परत वाचा, आपल्याकडनं शब्बाथ (शनवारचा विसाव्याचा दिवस) नीट पाळला जातोय का ह्याचा विचार करा, देव उगाच आभाळ आणि वारा पाठवत नाही. मी संतापले. बाबांनी मेसेज दोनदा ऐकला आणि एवढंच म्हणाले, "त्या शनवारचं खरं आहे गो."

त्या शनवारचं म्हंजे काय तर वादळाच्या दोन वर्षं आधी सुपारी काढायला माणसं मिळत नव्हती, जे मिळाले ते म्हणाले शनवारीच येऊ नाहीतर नाही, आणि बाबांनी हो म्हटलं होतं. एकदा. आयुष्यात एकदा. बहात्तर वर्षांच्या माणसाने एकशेचाळीस सुपाऱ्या आणि तो एक शनवार ह्यांची सांगड घातली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. २०२२ मध्ये ते गेले. मी त्यांच्याशी वाद घालायला वाचायला सुरुवात केली होती आणि माझं वाचून होईपर्यंत ते थांबले नाहीत.

मला काय सापडलं ते आता लिहिते, जसं सुचेल तसं.

पहिली गोष्ट म्हंजे तो शब्द. आपण मराठीत आज्ञा पाळणे म्हणतो, आज्ञाधारक म्हणतो, पण तोराच्या हिब्रूत पाळण्याला जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो साधा ऐकणे हाच आहे. शामा. अकरा तेरामध्ये तर दोनदा एकापाठोपाठ आहे, शामोआ तिश्मेऊ, ऐकून ऐकाल तर, म्हंजे खरोखर ऐकाल तर. आणि गंमत बघा, आपल्या मराठीला हे समजावून सांगावंच लागत नाही. पोरगं ऐकत नाही म्हणतो तेव्हा त्याचे कान गेलेत असं कुणाला वाटतं का? आई म्हणते माझं ऐक, म्हंजे कानाने ऐक आणि तसं वाग, दोन्ही एकदम. हिब्रूत अगदी हेच आहे. मला वाटतं आजीला ह्या एका ओळीचा अर्थ कुणी शिकवला नव्हता तरी तो पुरेपूर माहीत होता, कारण ऐक ह्या शब्दातच सगळं आलं.

शौल राजाची गोष्ट ह्याच शब्दावर उभी आहे. १ शमुवेल, पंधरावा अध्याय. अमालेक ह्या शत्रू लोकांचं काहीही ठेवायचं नाही असं देवाने सांगितलेलं असताना शौल चांगली चांगली गुरं-मेंढरं राखून ठेवतो आणि वर शमुवेल संदेष्ट्याला म्हणतो की मी देवाचं सगळं केलं. शमुवेल विचारतो, मग हा मेंढरांचा आवाज माझ्या कानात कसला येतोय, ही गुरं मला कशी ऐकू येतात? शौल म्हणतो ती देवाला बळी द्यायला ठेवलीत. तेव्हा शमुवेल म्हणतो की बळीपेक्षा ऐकणं बरं. आणि शेवटी शौल कबूल करतो की मी लोकांना घाबरलो आणि लोकांचं ऐकलं. प्रत्येक ठिकाणी तोच धातू, आवाज आणि ऐकणं, म्हंजे प्रश्न पाळलं की नाही पाळलं एवढाच नाही, कुणाचं ऐकलं हा आहे. (मेंढरांचं आणि लहान पोरांचं त्या गोष्टीत जे होतं ते मला पचत नाही, हे इथे लिहून ठेवते, सगळं पटतं असा आव आणत नाही.)

दुसरी गोष्ट मला व्याकरणातून मिळाली. शेमाचा, म्हंजे त्या ओळीपासून सुरू होणाऱ्या आमच्या रोजच्या प्रार्थनेचा, पहिला परिच्छेद, देवारीम सहामधला, एकवचनात आहे. तू प्रेम कर, तुझ्या मुलांना शिकव, घरात बसताना आणि वाटेने चालताना बोल. त्यात बक्षीस काहीच नाही, पाऊस नाही पीक नाही. दुसरा परिच्छेद, पावसाचा, बहुतेक सगळा अनेकवचनात आहे. तुम्ही ऐकाल तर. तुमच्या जमिनीला. रशी, अकराव्या शतकातला फ्रान्समधला मोठा भाष्यकार, तो ह्यावर थोडक्यात म्हणतो की आधीची ताकीद एकट्याला होती, ही सगळ्या समाजाला आहे. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खाचराकडे चालत गेले, खरंच गेले, कारण मला बांध बघायचा होता.

ज्यांनी खारी जमीन बघितली नाही त्यांना सांगते. आमचं भात समुद्राच्या पातळीला, काही ठिकाणी त्याच्याही खाली असतं आणि मध्ये असतो फक्त मातीचा बांध. तो बांध एकट्याचा नसतो. पूर्वी गाव मिळून बांध राखायचं, उधाणाच्या आधी प्रत्येक घरातनं माणूस जायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची, चिखलाची ढेकळं लावायची. आणि एका ठिकाणी जरी खांड पडली तरी खारं पाणी ज्याने बांधाला हात लावला नाही त्याच्याच खाचरात शिरत नाही, सगळ्यांच्या शिरतं, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं धड भात होत नाही. आता खूप ठिकाणी बांध कुणी राखत नाही, माणसं मुंबईला, जमिनी विकलेल्या, आणि चांगल्या पिकत्या शेतात कांदळवन उभं राहिलंय. ह्यात समुद्राने कुणाला शिक्षा केली असं कुणी म्हणत नाही. पण बांध राखाल तर भात हे वाक्य खरंच आहे, शंभर टक्के खरं आहे, आणि ते फक्त अनेकवचनात खरं आहे.

बाबांनी ते वाक्य एकवचनात ऐकलं. त्या मेसेजने त्यांना ते एकवचनात ऐकवलं, हा माझा राग आहे. आमच्या वाडीच्या उजवीकडे भंडाऱ्यांची वाडी, पलीकडे ब्राह्मणांची, मागे मुसलमानांची, खाडीपल्याड कोर्लईला ख्रिस्ती लोक, त्या दुपारी सगळ्यांचेच माड पडले. ते सगळे आमच्या एका शनवारासाठी पडले? बाबांना मी हे विचारलं होतं तेव्हा ते गप्प राहिले होते. बायबलातल्या ईयोबाचे, काही दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचे, मित्र असंच करतात, हे मला नंतर सुचलं. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात तोवर ते खरे मित्र असतात आणि बोलायला लागल्यावर त्याच्या दुःखाला कारण शोधतात, तू काहीतरी केलं असशील. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव त्या मित्रांवर रागावतो, माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत म्हणतो. नीट बोलला तो ईयोब, ज्याने सगळा वेळ भांडण केलं.

पण मग अट नाहीच का? असं म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. अट आहे. निर्गम एकोणीसमध्ये सीनाय डोंगराच्या पायथ्याशीच येते, माझं नीट ऐकाल आणि करार पाळाल तर सगळ्या लोकांत तुम्ही माझी खास ठेव व्हाल. लेवीय सव्वीसमध्ये आहे, तिथेही पहिला आशीर्वाद वेळच्या पावसाचाच. देवारीम अठ्ठावीसमध्ये तर चौदा ओळी आशीर्वाद आणि नंतर चोपन्न ओळी शाप, इतके भयंकर की सिनेगॉगमध्ये वाचणारा तिथे आवाज खाली आणतो आणि भरभर वाचून पुढे जातो. वादळाच्या अडीच आठवडे आधी, १६ मेच्या शब्बाथला, वाचनाचा क्रम नेमका लेवीय सव्वीसवर आला होता. मशीद बंद, एकत्र प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमायचा प्रश्नच नव्हता, बाबांनी घरीच मराठी बायबल उघडून वाचलं आणि शापांपाशी त्यांनीही आवाज खाली आणला होता. त्यांना ऐकणारी मी एकटी.

त्या अध्यायाचा शेवट मात्र त्यांनी मोठ्याने वाचला. सगळे शाप होऊन गेल्यावर देव म्हणतो की एवढं झालं तरी, ते शत्रूंच्या देशात असले तरी, मी त्यांना टाकणार नाही, करार मोडणार नाही, याकोबाशी इसहाकाशी अब्राहामाशी केलेला करार मी आठवेन. आणि जमीनही आठवेन. शापाच्या खालीसुद्धा एक तळ आहे, त्याच्या खाली जाता येत नाही. हा तळ कुठून आला ते बघायला उत्पत्ती पंधराव्या अध्यायात जावं लागतं. तिथे करार करायची त्या काळची पद्धत आहे, जनावरं कापून दोन बाजूंना मांडायची आणि मधून चालायचं, ज्याने करार मोडला त्याचं असं होवो. पण अब्राहाम चालतच नाही. त्याला गाढ झोप लागते आणि धुमसणारी भट्टी आणि पेटती मशाल एवढीच त्या तुकड्यांमधून जाते. म्हंजे देव एकटाच चालतो. अब्राहामाकडून काही मागितलेलंच नाही त्या रात्री. आणि तेच वचन पुढे बाविसाव्या अध्यायात परत येतं तेव्हा मात्र देव म्हणतो, कारण तू माझं ऐकलंस. दिलं आधी, कारण नंतर जोडलं. दाविद राजाचंही असंच आहे, २ शमुवेल सातमध्ये सांगितलंय की तुझा मुलगा चुकला तर छडीने मारीन पण माझी दया काढून घेणार नाही, आणि १ राजे नऊमध्ये त्याच्या मुलाला, शलमोनाला, त्याच घराण्याविषयी जर लावून सांगितलंय. पूर्वी मला वाटायचं हे एकमेकांना छेद देतं. आता नाही तसं वाटत. घरात आईबाप दोन्ही बोलतात, ऐकलं नाहीस तर जेवायला मिळणार नाही हेही आणि रात्री झाकून ठेवलेलं ताटही.

आमच्यात एक मलिद्याची रीत आहे. काम झालं, पोरगं परीक्षा पास झालं, आजारातून उठलं, घर घेतलं की एलियाहू हन्नबीचा, म्हंजे एलिया संदेष्ट्याचा, मलिदा करायचा, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि फळं. पुष्कळ जण आधी नवस बोलतात आणि अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकाला जातात, तिथे एलियाहूच्या रथाची खूण आहे असं आपले लोक मानतात. नवस म्हंजे माणसाने देवाला घातलेली अट. तू हे केलंस तर मी ते करीन. आणि तोरात तोही आहे, याकोब घरातून पळालेला असताना दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात शिडी बघतो, देव त्याला काहीही न मागता वचन देतो की मी तुझ्याबरोबर आहे, तुला परत आणीन, आणि सकाळी उठून याकोब काय म्हणतो तर देव माझ्याबरोबर राहिला, खायला भाकर आणि अंगावर कपडा दिला, सुखरूप घरी आणलं, तर तो माझा देव. फुकट दिलेल्याला त्याने अट लावली! आणि देव रागावत नाही. हे मला फार आवडतं. मी स्वतः बाबा हॉस्पिटलमध्ये असताना मलिद्याचा नवस बोलले होते, ते वाचले नाहीत, मी मलिदा केला. शेजारच्या काकूंनी विचारलं कशाचा, मला सांगता आलं नाही.

एक गोष्ट मी बाबांना कधीच सांगितली नाही, तालमुदातली, म्हंजे जुन्या रब्बींच्या, धर्मपंडितांच्या, चर्चांच्या ग्रंथातली. एका बापाने मुलाला सांगितलं की बुरुजावर चढ आणि मला पिल्लं आणून दे. पोरगा चढला, घरट्यातली पक्षीण आधी सोडून दिली आणि पिल्लं घेतली, आणि उतरताना पडून मेला. आता तोरात आईबापांचा मान राखण्याला दीर्घायुष्य सांगितलंय आणि पक्षीण सोडून देण्यालाही तेच सांगितलंय, पोराने दोन्ही एका वेळी केलं होतं. एक रब्बी म्हणाले की मग ते दीर्घायुष्य ह्या जगातलं नाही, तिथलं आहे. आणि दुसरा, एलिशा बेन अबुया, मोठा विद्वान, त्याने असंच काहीतरी पाहिलं आणि धर्मच सोडला असं सांगतात. मला त्याचा राग येत नाही. नारळ काढताना माडावरून पडलेली माणसं मी पाहिलेली आहेत, कुणी आईसाठी चढलं होतं, कुणी पोरांसाठी. त्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांनी ती तालमुदात ठेवली त्यांनी ती पुसून टाकली नाही ह्याचाच मला आधार वाटतो.

पावसाकडे परत येते. आमच्या प्रार्थनेत देवाला वारा वाहवणारा आणि पाऊस पाडणारा म्हणायचा एक काळ ठरलेला आहे, सुक्कोथ सणाच्या शेवटापासून पेसाह सणापर्यंत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, कारण इस्राएल देशात पाऊस तेव्हा पडतो. आता कोकणात ऑक्टोबर ते एप्रिल काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हंजे आमच्या खाचरात भात कापून वाळत पडलेलं असताना आम्ही पावसाचं नाव घ्यायला लागतो आणि मे-जूनमध्ये सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असताना आमच्या प्रार्थनेत पाऊस नसतो. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की मग आपल्या शेताचं काय. ते म्हणाले तिकडच्यासाठी मागायचं, इकडचं तो बघतो. खूप वर्षांनी मला कळलं की हा प्रश्न फार जुना आहे. तालमुदात, तानिथ नावाच्या भागात, निनवेच्या लोकांनी हाच प्रश्न पाठवलाय, की आम्हाला पाऊस उन्हाळ्यात लागतो, आम्ही काय करावं. हो, निनवे, तेच शहर जिथे योना संदेष्टा नाइलाजाने गेला आणि चाळीस दिवसांत नाश म्हणाला, जर वगैरे काही न लावता, आणि लोकांनी ऐकलं म्हणून नाश झालाच नाही. उत्तर आलं की तुम्ही एकेकट्यासारखे आहात, तुमचा पाऊस प्रार्थनेतल्या शोमेआ तेफिल्ला ह्या आशीर्वादात मागा. शोमेआ तेफिल्ला म्हंजे प्रार्थना ऐकणारा. पुन्हा तोच शब्द. ह्या वेळी ऐकणारा देव आहे.

तेव्हापासून मी जूनमध्ये तिथे थांबते आणि मराठीत सांगते, पाऊस पाठव, बेताचा पाठव, वारा नको.

निर्गम चोवीसमध्ये मोशे कराराचं पुस्तक वाचून दाखवतो आणि लोक म्हणतात, नआसे वेनिश्मा, करू आणि ऐकू. आधी करू म्हणाले, मग ऐकू. हा क्रम उलटा का ह्यावर खूप चर्चा झालेली आहे. मी वाचलं तेव्हा मला आमचे घाणेवाले आठवले. पुस्तक समुद्रात गेलेलं, पावसाची अट माहीत नाही, शाप माहीत नाहीत, सीनायवर काय ठरलं ते सांगणारं कुणी नाही, आणि तरी दर शनवारी बैलाचं जू सोडून ठेवत होते, आठव्या दिवशी सुंता करत होते, जाळ्यातनं आलेल्या मासळीतली खवले आणि पर असलेली तेवढी वेगळी काढत होते. किती पिढ्या, देव जाणे. ऐकलंत तर काय मिळेल आणि नाही ऐकलंत तर काय जाईल हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पुढे कोचीनकडचे शिकवणारे आले, मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत बायबल छापलं आणि मग कुणीतरी पहिल्यांदा, मराठीत, अकरावा अध्याय वाचला असेल. मला त्या माणसाचा चेहरा बघायला आवडला असता. इतकी वर्षं जे करत होतो त्याला बक्षीस होतं हे कळल्यावर त्याला काय वाटलं असेल? आणि इथे तर पाऊस पडतच होता, शनवार तेल्यावर आणि सोमवार तेल्यावर सारखाच.

बाबांनी जाण्याच्या आधीच्या पावसाळ्यात, गुडघे दुखत असताना, सुपारीची नव्वद रोपं लावली. केळीच्या सावलीत, कारण कोवळ्या सुपारीला ऊन सोसत नाही. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. लावायला माणसं बोलावली तेव्हा गडी म्हणाला शनवारी मोकळा आहे, बाबा म्हणाले शनवार नको, आयतवारी ये, मी थांबतो. दोन वेळा पाऊस उघडला आणि काम राहिलं तरी थांबले. मला वाटलं घाबरून करतायत, मेसेजमुळे करतायत, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "नाय गो. माझ्या आयशीने सांगितलंय तसं करतो."

त्यातली एक्क्याऐंशी जगली. उन्हाळ्यात पाणी मीच लावते, पंप आहे पण पाट तोच आहे. आळं भरलं की टाचेने माती ओढते.